लोकसंख्या वाढली, तरी पंचायतीचा वाटा का घटतो?

सांगे तालुक्यातील एका पंचसदस्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: 2011 च्या जनगणनेत आमच्या तालुक्याची लोकसंख्या थोडी का होईना, वाढलेली दिसते, मग लोकसंख्येच्या आधारावर वाटल्या जाणाऱ्या निधीत आमचा हिस्सा कमी झाला असे आमचे लेखापाल सांगतात, ते कसे, आणि नवी जनगणना झाल्यावर आमच्यासारख्या विरळ वस्तीच्या पंचायतींचे काय होईल? गोव्यातील स्थानिक संस्थांचे हिशेब आणि अनुदानांची सूत्रे यांवर मी बरीच वर्षे काम केले आहे, आणि हा प्रश्न जवळपास प्रत्येक अंतर्गत तालुक्यातून कधी ना कधी येतो. म्हणून उत्तर सविस्तर देतो.

वाटपाच्या सूत्रात आपली लोकसंख्या एकटी कधीच येत नाही. ती अंशस्थानी असते, छेदस्थानी सगळ्यांची लोकसंख्या असते आणि वाटायची रक्कम आधीच ठरलेली असते. त्यामुळे आपले लोक वाढले की नाहीत यापेक्षा, ते राज्याच्या सरासरीहून वेगाने वाढले की संथपणे, यावर हिस्सा ठरतो. 2001 मध्ये गोव्याची लोकसंख्या 13,47,668 होती आणि 2011 मध्ये ती 14,58,545 झाली, म्हणजे दहा वर्षांत सव्वाआठ टक्क्यांची वाढ. त्याच काळात सांगे तालुका 64,080 वरून 65,147 वर गेला; वाढ जेमतेम पावणेदोन टक्के. (धारबांदोडा तालुका वेगळा होण्यापूर्वीच्या हद्दीचे हे आकडे आहेत.) माणसे एक हजाराहून अधिक वाढली, तरी राज्याच्या लोकसंख्येतील सांग्याचा हिस्सा 4.75 टक्क्यांवरून 4.47 टक्क्यांवर उतरला. शंभर कोटी रुपये केवळ लोकसंख्येवर वाटायचे आहेत असे उदाहरणापुरते धरले, तर जुन्या आकड्यांनी सांग्याला 4 कोटी 75 लाख मिळाले असते आणि नव्या आकड्यांनी 4 कोटी 47 लाख मिळतील. प्रत्यक्ष वाटप तालुकावार होत नाही, ते पंचायतवार आणि पालिकावार होते. पण गणित हेच असते, आणि आपल्या लेखापालांनी सांगितलेली गोष्ट त्यातूनच आलेली आहे.

आता सासष्टी पाहा. तिथे 2,62,035 चे 2,94,464 झाले, वाढ बारा टक्क्यांहून अधिक, आणि हिस्सा 19.4 वरून 20.2 टक्क्यांवर गेला. फोंडा आणि तिसवाडी यांचाही हिस्सा वाढला. काणकोणचा घटला. एवढ्यावरून ‘किनारा जिंकतो आणि डोंगर हरतो’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण आकडे तसे सांगत नाहीत. सत्तरीची लोकसंख्या 58,613 वरून 63,817 झाली, म्हणजे सरासरीहून किंचित अधिक वेगाने वाढली, आणि सत्तरीचा हिस्सा अल्पसा का होईना, वाढलाच. उलट बार्देश, जिथे पर्यटनाचा सर्वांत मोठा पसारा आहे, तो 2,27,695 वरून 2,37,440 वरच पोचला, वाढ सव्वाचार टक्के. शंभर कोटींच्या त्याच उदाहरणात बार्देशाचे एकसष्ट लाखांहून अधिक रुपये कमी होतात, म्हणजे सांग्याच्या दुपटीहून जास्त. एकट्या कळंगुटचे आकडे घेतले तर 2001 मध्ये सुमारे 15,800 असलेली लोकसंख्या 2011 मध्ये सुमारे 13,800 दिसते. त्याच दशकात तिथे हॉटेले किती उभी राहिली आणि कचरा किती वाढला, हे गोव्यात कोणाला सांगावे लागत नाही.

असे का होते, हे समजण्यासाठी जनगणना नेमके कोणाला मोजते ते पाहावे लागते. आपल्याकडे माणूस त्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या ठिकाणी मोजला जातो, आणि मोजणीचा संपूर्ण काळ जो घराबाहेर असतो त्याची नोंद त्या घरात होत नाही. याचा गोव्याला बसणारा परिणाम फार मोठा आहे. वर्षातले अनेक महिने जहाजावर असणारे तारवटी, आखातात नोकरीला असलेले, पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडात गेलेले, या सगळ्यांची घरे गावात उभी असतात, घरपट्टी भरली जाते, ग्रामसभेत त्यांचे नातेवाईक बसतात, कित्येकांची नावे मतदारयादीतही असतात. पण मोजणीच्या दिवसांत ते इथे नसले तर वाटपाच्या सूत्रापुरते ते अस्तित्वातच नसतात. उलट वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा ओडिशाचा मजूर किंवा कुटबणच्या जेटीवर ट्रॉलरवर राबणारा झारखंडचा खलाशी त्या काळात इथेच राहत असेल, तर तो गोव्याच्या लोकसंख्येत धरला जायला हवा, आणि त्याच्यामागचे अनुदान ज्या पंचायतीच्या हद्दीत तो राहतो तिला मिळायला हवे. प्रत्यक्षात भाड्याच्या खोल्यांत दाटीने राहणारी ही माणसे मोजणीतून सर्वाधिक सुटतात. घरमालक माहिती देत नाही, खोलीला घरक्रमांक नसतो, आणि पंचायतीलाही त्यांच्याविषयी फारशी आस्था नसते. त्यांचे पाणी, शौचालय आणि कचरा यांचा भार मात्र त्याच पंचायतीवर पडत राहतो. माझ्या मते ही अनास्था अन्यायकारक आहे आणि पंचायतीच्या तिजोरीलाही महाग पडणारी आहे.

दुसरी बाजू बंद घरांची. 2011 च्या जनगणनेत गोव्यात पाचांपैकी सुमारे एक घर रिकामे आढळले होते. दिल्ली-मुंबईच्या लोकांनी घेतलेली सुट्टीची घरे आणि परदेशी गेलेल्या गोंयकारांची कुलूपबंद घरे अशी दोन्ही त्यात आहेत. अशा घरांपुढचा रस्ता, गटार आणि पथदीप पंचायतीलाच सांभाळावे लागतात, पण दरडोई अनुदान त्यांच्या नावे एक पैसाही आणत नाही. फ्रान्समध्ये केंद्राकडून नगरपालिकांना जे अनुदान जाते, त्याच्या हिशेबात अशा दुसऱ्या घरांसाठी लोकसंख्येत वाढीव रहिवासी धरण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली आहे. गोव्याच्या परिस्थितीला ती कल्पना जवळची आहे. तरी ती जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणणार नाही, आणि त्याचे कारण पुढे घरपट्टीच्या संदर्भात देतो.

इथे जननदराचाही उल्लेख करायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत गोव्याचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे होणाऱ्या मुलांची सरासरी संख्या, 1.3 होता, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या 2.1 पेक्षा पुष्कळ खाली. गोव्यातील वाढ आता मुख्यतः बाहेरून येणाऱ्यांवर अवलंबून आहे, आणि बाहेरून येणारा जिथे काम मिळते तिथे राहतो. म्हणून पुढच्या दशकांत तालुक्यांमधली तफावत जन्मांपेक्षा नोकऱ्यांवर ठरेल. खाणपट्ट्यातील पंचायतींनी याचा अनुभव आधीच घेतला आहे. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक थांबले, भाड्याच्या खोल्या रिकाम्या झाल्या आणि पंचायतीचे स्वतःचे उत्पन्नही आटले. 2011 ची मोजणी या दोन्ही बंदींच्या आधीची आहे, त्यामुळे त्या भागांचे खरे चित्र अजून कोणत्याही अधिकृत लोकसंख्येत उतरलेले नाही. ते नव्या मोजणीत प्रथमच दिसेल, आणि आपल्या तालुक्यातील काही पंचायतींना ते जड जाईल अशी मला भीती वाटते.

हा पैसा येतो कोणत्या वाटांनी, ते आता पाहू. केंद्रीय करांमधील राज्याचा वाटा ही पहिली वाट. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी गोव्याचा हिस्सा 0.386 टक्के ठरवला, तर देशाच्या लोकसंख्येत गोवा जेमतेम 0.12 टक्के आहे. हे शक्य झाले कारण त्या सूत्रात लोकसंख्येला 15 टक्केच भार होता, आणि क्षेत्रफळाच्या निकषात लहान राज्यांना किमान 2 टक्के धरण्याची तरतूद होती. कमी जननदरासाठीही साडेबारा टक्के भार ठेवला होता, पण तो 1971 च्या लोकसंख्येशी गुणलेला असल्यामुळे, त्या वेळी आठ लाखांच्याही आत असलेल्या गोव्याला त्याचा लाभ थोडाच मिळाला. सांगायचा मुद्दा असा की राज्याराज्यांमध्ये वाटप होताना लहानांना सांभाळण्याची सोय केली जाते, आणि गोवा सरकार तिचा लाभ घेते. राज्याच्या आत, पंचायतींमध्ये वाटप करताना मात्र तीच सोय विसरली जाते.

दुसरी वाट केंद्रीय वित्त आयोगाच्या स्थानिक संस्थांसाठीच्या अनुदानांची. पंधराव्या आयोगाने त्यासाठी लोकसंख्येला 90 टक्के आणि क्षेत्रफळाला 10 टक्के असा भार ठेवला, आणि राज्य वित्त आयोगाच्या (राज्यातील स्थानिक संस्थांना निधी कसा वाटावा हे सुचवणाऱ्या आयोगाच्या) स्वीकृत शिफारशी हाताशी नसतील तर राज्याच्या आतही 2011 च्या लोकसंख्येवर हेच प्रमाण लावावे असे सांगितले. तिसरी वाट राज्य सरकारच्या स्वतःच्या अनुदानांची, ज्यात जकातीच्या बदल्यात मिळणारे अनुदान आणि दुर्बल पंचायतींसाठीचे अनुदान येते. चौथी वाट पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाची: घरपट्टी, व्यवसाय परवाने, बांधकाम परवान्यांचे शुल्क, जाहिरात फलक. पहिल्या वाटेवर आपले काही चालत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेवर राज्य वित्त आयोग हे खरे ठिकाण आहे, आणि संविधानाच्या अनुच्छेद 243-झ नुसार, म्हणजे इंग्रजी संहितेतल्या 243-आय नुसार, तो दर पाच वर्षांनी नेमला जायला हवा. गोव्यात पहिला आयोग 1999 मध्ये आणि दुसरा 2005 मध्ये नेमला गेला. पुढच्याची मात्र फार दीर्घ काळ वाट पाहावी लागली. त्या खंडाचा अर्थ असा की 2001 ते 2011 या दशकात गोव्याची वस्ती पूर्ण बदलली, तरी तिचा अर्थ लावून सूत्र नव्याने मांडणारे कोणी नव्हते, आणि केंद्राने सांगितलेले सरधोपट प्रमाण हेच आधाराला उरले.

वस्ती बदलली म्हणजे काय, ते विशेष लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. 2001 मध्ये गोव्याची ग्रामीण लोकसंख्या 6,77,091 होती, ती 2011 मध्ये 5,51,731 झाली. शहरी लोकसंख्या 6,70,577 वरून 9,06,814 वर गेली. सव्वा लाख माणसे गाव सोडून शहरात गेली असे यावरून वाटेल, पण तसे झालेले नाही. जनगणनेने ठरवलेली शहरे, म्हणजे लोकसंख्या, घनता आणि बिगरशेती रोजगार यांवरून ‘शहर’ गणली जाणारी पण पंचायतीच्याच ताब्यात असणारी गावे, 30 वरून 56 झाली. नगरपालिका तेवढ्याच राहिल्या: तेरा पालिका आणि पणजी महानगरपालिका. परिणामी शहरी म्हणून मोजलेल्या नऊ लाखांपैकी निम्म्याहून अधिक लोक आजही पंचायतींच्या हद्दीत राहतात. जनगणनेच्या तक्त्यातील ‘ग्रामीण’ हा स्तंभ उचलून कोणी पंचायतींचे वाटप काढले, तर या 56 गावांची लोकसंख्या पंचायतींच्या हिशेबातून गळून पडेल, आणि पालिकांच्या हिशेबात तर ती नाहीच. अशा प्रकारच्या चुका तक्ते तयार करताना होऊ शकतात, म्हणून वाटपाचा आदेश हाती आल्यावर आपल्या पंचायतीसमोर कोणती लोकसंख्या लिहिली आहे ते प्रथम तपासावे, आणि महसुली गावांची बेरीज करून ती पडताळावी. ज्या पंचायतीत एकाहून अधिक महसुली गावे आहेत, किंवा एकच गाव दोन पंचायतींत विभागले आहे, तिथे ही पडताळणी अनिवार्य समजावी.

आता मूळ दुखण्याकडे वळतो. दरडोई वाटप न्याय्य ठरण्यासाठी खर्चही दरडोई असायला हवा. काही खर्च तसा असतो: घराघरांतून कचरा उचलणे किंवा जन्म-मृत्यूचे दाखले देणे माणसांच्या संख्येनुसार वाढते. पण सचिव, लेखनिक, कार्यालय, वाड्यावाड्यांना जोडणारा रस्ता, पथदीपांची तार, हे दोन हजार लोकसंख्येच्या पंचायतीलाही लागते आणि चौदा हजारांच्या पंचायतीलाही लागते. किंबहुना विरळ वस्तीत दरडोई रस्ता अधिक लांब असतो. नेत्रावळीच्या बाजूला एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर जायला जे अंतर पडते, तेवढ्या अंतरात सासष्टीत दोन पंचायती संपतात. माणसे घटली म्हणून रस्त्याची लांबी घटत नाही, आणि मागे राहिलेल्यांमध्ये वृद्धांचे प्रमाण वाढत असेल तर सेवेचा खर्च उलट चढतो.

यावर उपाय सूत्रातच आहे. पंचायतींच्या हद्दीतील लोकसंख्या साधारण साडेदहा लाख आहे आणि पंचायती 191 आहेत. वीस कोटी रुपये वाटायचे आहेत असे धरू. सगळे लोकसंख्येवर वाटले तर माणशी 190 रुपये पडतात; दोन हजारांच्या पंचायतीला 3 लाख 81 हजार, चौदा हजारांच्या पंचायतीला 26 लाख 67 हजार. त्याऐवजी 30 टक्के रक्कम सर्व पंचायतींना समान दिली आणि उरलेली लोकसंख्येवर वाटली, तर लहान पंचायतीला सुमारे 5 लाख 80 हजार आणि मोठीला 21 लाख 80 हजार मिळतात. मोठ्या पंचायतीचे नुकसान होते, पण ती उभी राहू शकते. लहान पंचायतीला मात्र हा फरक पगार देता येणे आणि न येणे यांतला असतो. क्षेत्रफळाचा भारही आपल्याला उपयोगी आहे. अविभाजित सांग्याचे क्षेत्र सुमारे 837 चौरस किलोमीटर, म्हणजे राज्याच्या पाचव्या हिश्शाहून अधिक. त्याला केवळ 10 टक्के भार दिला तरी आपला साडेचार टक्क्यांचा वाटा सहा टक्क्यांच्या पुढे जातो. यावर आक्षेप येईल की त्यातला मोठा भाग अभयारण्याचा आहे आणि तिथे पंचायत काहीच खर्च करत नाही. आक्षेपात तथ्य आहे. त्याचे उत्तर असे की त्या जंगलामुळेच पंचायतीला घरपट्टी, परवाने आणि बांधकाम शुल्क यांतून मिळू शकणारे उत्पन्न बंद झाले आहे, आणि केंद्रीय सूत्रात वनक्षेत्राला स्वतंत्र भार देताना हाच विचार केलेला असतो.

बार्देशाच्या पंचायती म्हणतील की आमच्यावर पर्यटकांचा भार आहे, तोही मोजा. त्यांची मागणी मी खोटी मानत नाही. कचरा साळगावच्या प्रकल्पात जात असला तरी तो गोळा करून तिथवर पोचवण्याचे काम पंचायतीकडे राहतेच. पण हॉटेलांचे परवाने, व्यापारी दराने घरपट्टी आणि सुट्टीच्या घरांवरील घरपट्टी हे उत्पन्न त्यांच्याकडे आहे आणि सांगे-काणकोणकडे नाही. म्हणून पर्यटकांसाठी किंवा दुसऱ्या घरांसाठी लोकसंख्या वाढवून धरायची असेल, तर त्याच सूत्रात स्वतःच्या उत्पन्नाची क्षमताही वजा बाजूला धरायला हवी. इथे ‘क्षमता’ म्हणजे गोळा होऊ शकणारी रक्कम. प्रत्यक्ष वसुली धरली तर घरपट्टी न वसूल करणाऱ्या पंचायतीला बक्षीस दिल्यासारखे होईल.

नव्या जनगणनेत घरयादीचा टप्पा 2026 चा असून मोजणीचा संदर्भ दिवस 1 मार्च 2027 आहे. प्रशासकीय हद्दी 31 डिसेंबर 2025 च्या स्थितीला गोठवल्या आहेत, त्यामुळे त्यानंतर पंचायतीचे विभाजन किंवा पालिकेत रूपांतर झाले तरी मोजणीची हद्द जुनीच राहील. आपल्या हातात असलेले काम म्हणजे प्रत्येक वाड्याची घरक्रमांकांची यादी अद्ययावत ठेवणे, भाड्याच्या खोल्या आणि बागायतींतील कामगारांची घरे तिच्यात आणणे, आणि मोजणीच्या आठवड्यांत एक पंचसदस्य प्रगणकासोबत फिरेल अशी व्यवस्था करणे. मतदारयादीवर विसंबू नये. तिच्यात परदेशी गेलेले असतात आणि बाहेरून आलेले नसतात. ध्यानात घ्यावे की हीच लोकसंख्या पुढे पंचायतीत पाच, सात, नऊ की अकरा पंचसदस्य असावेत हेही ठरवते.

आकडे काळजीपूर्वक गोळा केले तरी आपल्या काही पंचायतींचा हिस्सा घटेलच. त्यासाठी राज्य सरकारकडे आणि राज्य वित्त आयोगाकडे आताच मागावे असे एक कलम आहे: नव्या लोकसंख्येचा परिणाम एका वर्षात पूर्ण लागू न करता तो तीन किंवा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने लागू करावा, आणि कोणत्याही पंचायतीची रक्कम मागील वर्षाच्या ठरावीक टक्क्यांखाली जाऊ नये. जपानमध्ये, जिथे गावेच्या गावे ओस पडत आहेत, लोकसंख्या झपाट्याने घटलेल्या पालिकांसाठी वाटपाच्या गणितात अशी दुरुस्ती केली जाते, कारण माणसे कमी झाल्यावर खर्च कमी करायलाही काही वर्षे लागतात. ग्रामसभेत ठराव घेऊन, पंचायतीच्या रस्त्यांची लांबी, पथदीपांची संख्या, आस्थापनेचा खर्च आणि गेल्या पाच वर्षांची वसुली यांचा तक्ता जोडून ही मागणी गट विकास अधिकाऱ्यांमार्फत पंचायत संचालनालयाकडे पाठवावी. लेखापरीक्षण झालेले हिशेब सोबत असणे आवश्यक आहे, कारण पंधराव्या आयोगाने हिशेब सार्वजनिक करणे ही अनुदानाची अटच केली होती आणि लहान पंचायतींचे प्रस्ताव तिथेच अडतात. सांगे, धारबांदोडा, काणकोण आणि केप्यातील समान स्थितीच्या पंचायतींनी हा तक्ता एकाच नमुन्यात भरून एकत्र पाठवला, तर आयोगाला त्यातून सरासरी काढता येईल आणि विरळ वस्तीचा दरडोई खर्च प्रथमच आकड्यांत मांडला जाईल.